कंडक्टर बाईंचा कराटे क्लास

उंदीरवाडे बाई चालत्या बसमध्ये कधी कशालाही धरत नसत. मूल गावाहून गडचिरोलीमार्गे अहेरीला जाणारी-येणारी खच्चून भरलेली गाडी, डोक्यावर दांडी, बाजूला सीटांच्या पाठी, धरायला हजार जागा. पण बाई एका हातात तिकिटाचं मशीन आणि दुसऱ्या हातात सुट्टे घेऊन बरोब्बर मधोमध उभ्या. ड्रायव्हरनं करकचून ब्रेक मारला की अख्खी गाडी एकमेकांच्या अंगावर कोसळायची. बाई मात्र गुडघ्यात जराशा खाली जायच्या, परत वर यायच्या आणि काहीच न घडल्यासारख्या ओरडायच्या, "पुढं सरका ना भाऊ! तिथी काय हळद लागून राह्यली का?"

मी आठवीत होते. सावलीला मावशीकडे जाऊन परत येत होते आणि अशाच एका ब्रेकला एका म्हाताऱ्याच्या मांडीवर, त्याच्या वांग्यांच्या पिशवीसकट, जाऊन पडले. गाडीभर हशा. बाई गर्दीतून वाट काढत आल्या आणि हसल्या नाहीत. माझ्या पायांकडे बघून म्हणाल्या, "पाय जोडून काऊन उभी राह्यतेस वो पोट्टी? फोटो काढून राह्यले का तुझा? पाय फाकव. आनखी. गुडघे मोड. आता कशाले धरू नको."

मी इकडेतिकडे बघितलं. पाय जवळ घे, गुडघे जवळ घे, मुलीच्या जातीनं नीट बस, हे मी जन्मापासून ऐकत आले होते. आणि ही बाई भर गाडीत मला पाय फाकवून उभी राहा म्हणते! "लोकायकडं काय पाह्यतेस?" बाई म्हणाल्या. "तू पडली तवा उचलाले आलं का कोनी?" खरंच कोणी आलं नव्हतं. मूलचा स्टँड येईपर्यंत मी तशीच उभी राहिले आणि पुढचे तिन्ही ब्रेक पचवले. उतरताना बाईंनी हळूच सांगितलं, "शनिवारी संध्याकायी वॉर्डाच्या हॉलमंदी ये. याच्या पुढचं शिकवते." मी विचारलं, "कशाच्या पुढचं?" त्या म्हणाल्या, "उभं राह्याच्या पुढचं."

बाईंना जाऊन आता दोन वर्षं होतील. त्यांचा क्लास हल्ली मी घेते. नव्या पोरींना बाईंबद्दल सांगितलं की त्यांच्या डोळ्यांसमोर कोणी उंच, दणकट बाई उभी राहते. छे! बाई पाच फुटांनासुद्धा कमी पडायच्या. चष्मा होता, केस अकाली पिकलेले, आणि जिना चढताना उजवा गुडघा असा वाजायचा की आम्हाला त्यांची चाहूल त्यावरूनच लागायची. बाप जंगलात तेंदूपत्ता तोडणारा. बाबासाहेबांच्या नावानं शपथ घेऊन त्यानं एकुलत्या पोरीला नागपूरला वसतिगृहात ठेवलं. तिथल्या मैदानावर संध्याकाळी कोणी मास्तर मुलांना कराटे शिकवायचे. मुलींना नाही. बाई महिनाभर मैदानाच्या कडेला उभं राहून सगळं बघून शिकल्या आणि एक दिवस सरळ रांगेत जाऊन उभ्या राहिल्या. "मास्तर मनाले, तुले कोनं बलावलं? मी मनलं, तुमाले कोनं बलावलं होतं पयल्या दिवशी?" असं म्हणून त्या खदखदून हसायच्या. काळा पट्टा घेऊनच त्या नागपूरहून परतल्या.

आम्ही अठरा जणी होतो. थोड्या हॉलला लागून असलेल्या बौद्ध वस्तीतल्या, थोड्या आमच्या कुणब्यांच्या मोहल्ल्यातल्या, आणि एटापल्लीकडून शिकायला आलेल्या वसतिगृहातल्या दोघी गोंड मुली. एकीनं कुठेतरी वाचलं की कराटेच्या गुरूला 'सेन्सेई' म्हणायचं असतं. बाईंनी तिला तिथंच थांबवलं. "बाई मन. बाई काय कमी हाये का?" ड्युटी लांबली तर त्या खाकी साडीवर धावत यायच्या, हॉलच्या मागच्या खोलीत कपडे बदलायच्या आणि दोन मिनिटांत पांढऱ्या गणवेशात समोर. त्यांनी क्लास चुकवल्याचं मला आठवत नाही.

आमच्या घरी याचं कौतुक वगैरे मुळीच नव्हतं. आत्या म्हणायची, "वस्तीत जाऊन लाथा माराले शिकून राह्यली. उद्या नवऱ्याले मारन!" मी म्हटलं, त्यानं आधी मारली तर मारीनच. त्याबद्दल आईचा एक धपाटा पाठीत बसला. पण 'वस्ती' हा शब्द आत्या ज्या आवाजात म्हणायची त्या आवाजाची मला आज चीड येते. तेव्हापर्यंत मीही त्याच आवाजात म्हणत होते. सांगायला लाज वाटते, पण खोटं कशाला बोलू?

कराटेत ठोसा मारताना पोटातून ओरडावं लागतं. आमच्या तोंडून आवाजच निघेना. अठरा पोरींचा मिळून एक 'ऊं' निघायचा. बाईंनी कपाळावर हात मारला आणि विचारलं, "धानात रानडुक्कर शिरलं त काय मनतेस?" वसतिगृहातली सुमन, आमच्यातली सगळ्यात लहान, लाजत म्हणाली, "हाऽऽट मनतो आमी." बाई म्हणाल्या, "मंग मन ना! त्या डुकरानं धान खाल्लं तुझं!" आणि हॉलच्या पत्र्यावरची कबुतरं उडाली. तेव्हापासून आम्ही हाटच म्हणायला लागलो, जगात सगळीकडे असंच ओरडत असतील अशा समजुतीनं. चंद्रपूरला स्पर्धेला गेलो तेव्हा बाकीच्या पोरी काहीतरी झोकात जपानी ओरडत होत्या आणि मूलच्या पोरी एका सुरात "हाऽऽट!" पंच पोट धरून हसले. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. बाई मात्र पंचांसमोर जाऊन उभ्या राहिल्या. "हसा. पन पोट्टीचा ठोसा लागला का नाई थे सांगा आधी." लागला होता. सुमननं त्या दिवशी तिसरा नंबर काढला.

आता एक गोष्ट नीट सांगायला हवी, कारण पुढचं सगळं तिच्यावर आहे. पहिल्या दिवशी मी सवयीनं बाईंच्या पाया पडायला गेले. बाई टुणकन मागे सरल्या. "काय पडलं वो तुझं खाली?" मग त्यांनी आम्हाला कराटेचा नमस्कार शिकवला. पाय जुळवायचे, हात मांड्यांशी, कमरेतून वाकायचं, पण डोळे समोरच्याच्या डोळ्यांवर. आणि आपण वाकलो की थांबायचं. समोरचा वाकल्याशिवाय काहीही सुरू करायचं नाही. "दोघायनं वाकाचं. सारखं वाकाचं. एक वाकला अन दुसरा ताठच राह्यला, त त्याले नमस्कार नाई मनत. त्याले जुलूम मनते." हे त्या इतक्या वेळा म्हणायच्या की सुमन झोपेतसुद्धा म्हणत असेल.

आमच्या हॉलच्या समितीचे अध्यक्ष हे गावातल्या एका राईस मिलचे मालक. नाव सांगत नाही. सगळे मालकच म्हणायचे, मीही तेच म्हणते. माझे बाबा त्यांच्याच मिलमध्ये काट्यावर होते, धानाची पोती वजन करायचे. या मालकांचा एक भाचा बाईंच्या गाडीत चढला आणि कॉलेजच्या एका मुलीच्या शेजारी बसून त्यानं नको ते चाळे सुरू केले. ती खिडकीकडे सरकता सरकता आता खिडकीतूनच बाहेर पडते की काय, अशी गत. बाईंनी बेल मारली. गाडी थांबली वनखात्याच्या नाक्यापाशी. "उतर." तो म्हणाला, "मी कोनाचा भाचा हावो माहीत हाये का?" बाई म्हणाल्या, "तिकिटावर मामाचं नाव नसते. उतर." उतरला. गाडीतल्या लोकांना वाटलं होतं बाई आता लाथ घालणार. कोणीतरी तसं विचारलंही. त्यावर बाईंचं उत्तर, "कशाले? तोंडानं भागलं ना. अन नाक्यावर मानसं असते, दुसरी गाडी भेटन त्याले." एक बोटही लावलं नाही त्यांनी त्याला.

चार दिवसांत मालकांचा निरोप आला. रविवारी हॉलमध्ये वॉर्डाची बैठक आहे, बाईंनी चारचौघांत माफी मागावी. नाहीतर क्लास बंद. अर्थात 'भाच्याला उतरवलं म्हणून बंद' असं कोण लिहील? त्यांनी कागद काढला. मुली बिघडत आहेत, पालकांची तक्रार आहे, सबब हॉल क्लासला देऊ नये. त्या कागदावर पालकांच्या सह्या गोळा करायचं काम माझ्या बाबांकडे आलं. मी कागद बघितला. पहिली सही बाबांचीच.

"बाबा, ही तुमची सही हाये?"

"हव."

"काऊन?"

बाबांनी कागदाची घडी घातली. मग म्हणाले, "मी त्यायच्या काट्यावर उभा राह्यतो, तू त्यायच्या हॉलमंदी. दोघायतल्या एकाले उतराच लागन रंजू." मी त्यांच्याशी बोलणं टाकलं. त्यांचा राग आला होता, आणि त्याहून जास्त त्यांची कीव आली, तीच मला सहन होईना.

पण क्लास जाऊ नये म्हणून मी काय केलं? बाईंनाच गाठलं. बसस्टँडवर त्या डबा खात होत्या. म्हटलं, "बाई, मागून टाका ना माफी. दोन शब्द तर आहेत." आयुष्यात मी इतकं हलकं दुसऱ्या कोणाजवळ बोलले नसेन. बाईंनी घास खाली ठेवला. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं.

"थे कॉलेजवाली पोट्टी दुसऱ्या दिवशी परत माह्याच गाडीत चढली," त्या म्हणाल्या. "पयले मले पाह्यलं, मंग बसली. मी माफी मांगली, त उद्या थे कोनाच्या भरवशावर चढन?" मी मान खाली घातली. "अन माफी मांगून भेटलेल्या हॉलमंदी तुमाले शिकवू काय मी? पाया पडाले?" मग डबा माझ्यापुढे सरकवला. "खा. तोंड पाह्य कसं झालं. वांग्याची भाजी हाये."

रविवारी हॉल भरला होता. मालक खुर्चीत, मागे कागद घेऊन बाबा उभे, आणि भिंतीला लागून आम्ही अठरा जणी. बाई ड्युटीच्या खाकी साडीत आल्या. मालकांसमोर दोन हातांवर थांबल्या, पाय जुळवले आणि कमरेतून वाकल्या. हॉलमध्ये सुस्काराच सुटला. वाकली बाई! मालकांनी सवयीनं खुर्चीखालचा पाय जरासा पुढे केला आणि आशीर्वादाला हात वर उचलला. पण बाईंचे हात त्यांच्या मांड्यांशीच होते आणि डोळे मालकांच्या डोळ्यांवर. त्या सरळ झाल्या आणि थांबल्या.

मालकांचा हात हवेत. कोणाला काही कळेना, आमच्याखेरीज. शेवटी सुमनला राहवलं नाही. तिला बिचारीला वाटलं, मालकांना नियम माहीत नसेल. ती खणखणीत आवाजात म्हणाली, "मालक, आता तुमाले वाकाचं हाये. नाईतर सुरू होत नाई."

आधी मागच्या बाया हसल्या, मग सगळा हॉल. मालक लालबुंद. "हे काय नाटक लावलं?" बाई शांतपणे म्हणाल्या, "नमस्कार केला तुमाले. माफी नाई मांगत. भाच्यानं परत तसं केलं, त परत उतरवीन. गाडीचा टाईम झाला माझा." आणि खरोखरच निघाल्या.

मालकांनी बाबांना कागद वाचायला सांगितला. बाबांनी तोंड उघडलं, आणि मी उभी राहिले. पाय लटलट कापत होते. म्हणून फाकवले. म्हटलं, "पहिली सही माझ्या बाबांची आहे. पण क्लासला बाबा जात नाहीत, मी जाते. मी बिघडले की नाही ते मला विचारा!" बाबांनी मान वर केली नाही. कागद कसाबसा वाचला गेला. संध्याकाळी हॉलला कुलूप लागलं.

सोमवारी क्लास नसतानाही आम्ही दारापाशी रडवेल्या होऊन उभ्या. बाई आल्या. कुलूप बघितलं, हलवून बघितलं. विहाराचे लोक येऊन म्हणाले, बाई, आपल्या विहारात घ्या क्लास. बाईंनी हात जोडले. "तिथी गेलो त मनतील, त्यायची होती, त्यायच्याकडंच गेली. हॉल सगळ्यायचा हाये. इथून मी हालत नाई." मग आमच्याकडे वळल्या. "रांगा लावा. कुलूप दाराले हाये. रस्त्याले कोनं लावलं?"

शनिवारचा क्लास आता रोजचा झाला. हॉलसमोरचाच रस्ता मिलकडे जायचा आणि दिवस धान निघण्याचे. ट्रॅक्टर, ट्रक येत राहायचे. बाई हात वर करायच्या, "थांबा भाऊ, एवढं होऊ द्या." एक कवायत झाली की आम्ही बाजूला, गाड्या पुढे, की परत रस्त्यावर. निम्मे ड्रायव्हर बाईंना रस्त्यावरून ओळखायचे. ते इंजिन बंद करून खाली उतरायचे आणि बिडी ओढत आमच्या लाथा बघायचे. "हाऽऽट!" म्हटलं की तेही म्हणायचे, "हाऽऽट!" गुडघे सोलवटले, तळवे फुटले. मालकांचा माणूस दम देऊन गेला की रस्ता अडवला तर पोलिसात देऊ. बाई म्हणाल्या, "द्या. मीबी सांगते रस्त्यावर काऊन आलो थे." हळूहळू बाया दारात खुर्च्या टाकून बसायला लागल्या. तिसऱ्या आठवड्यात त्यांच्यात माझी आई दिसली. आत्याला घेऊन आली होती! कागदावर सह्या केलेल्या चौघांनी मालकांकडे जाऊन आपल्या सह्या खोडायला लावल्या, असं कानावर आलं. बाबा त्यात नव्हते.

आणि एका संध्याकाळी बाबा आले. मिलमधून थेट, भुवयांवर कोंडा बसलेला. हातात चावी. आम्ही गुडघे मोडून, पाय फाकवून उभ्या होतो. बाईंनी 'सोडा' म्हटलं नव्हतं, म्हणून मी जागची हलले नाही. मांड्यांची आग होत होती.

"बाई," बाबा म्हणाले, "मिलच्या गाड्या रोज अडकून राह्यल्या, मालकानं चावी देल्ली. क्लास घ्या मनते. क्लास झाला का चावी माह्यापाशी परत द्या."

आमच्यातल्या दोघीतिघींनी टाळ्याच वाजवल्या. बाईंनी हात पुढे केला नाही.

"चावी नको भाऊ. कुलूप घेऊन जा."

"मनजे?"

"चावी घेतली त उद्या परत मांगाल. हॉल वॉर्डाचा हाये. रोज कोनाले विचारून आत जावाचं नाई आमाले. कुलूप काढा अन ज्याचं हाये त्याले देऊन द्या."

"मालकाले काय सांगू मी?" बाबांचा आवाज अगदी बारीक झाला होता. मागे एक ट्रक येऊन उभा राहिला, त्याच्या ड्रायव्हरनंही इंजिन बंद केलं. मला वाटत होतं, बाबा आता वळतील आणि चावी घेऊन निघून जातील. तसे ते गेले असते तर मी त्यांना कधीच माफ केलं नसतं, हेही मला तिथं उभ्या उभ्या कळलं होतं.

बाबा चपला काढून पायऱ्या चढले. कुलूप चटकन उघडेना, दोनतीनदा झटावं लागलं. मग कडी निघाली, दारं आत गेली. कुलूप हातात धरून ते अंधाऱ्या हॉलकडे बघत उभे राहिले. मला म्हणाले, "रंजू, लाईटचं बटन कुठी हाये वो?" एवढ्या दिवसांत ते एकदाही क्लास बघायला आले नव्हते.

"डाव्या हाताले, बाबा," मी म्हटलं.

बाबांनी दिवे लावले, चपला घातल्या आणि मिलकडे गेले. पुढचं मला त्यांनी कधीच सांगितलं नाही. मिलमधल्या एका हमालकाकांकडून मला ते कळलं. बाबांनी कुलूप मालकांच्या टेबलावर ठेवलं, वर चावी ठेवली आणि म्हणाले, "पोट्ट्या आत हायेत. लावाचं असन त तुमी सोता येऊन लावा. माह्या हातानं नाई लागत."

मालक आले नाहीत.